जुन्या शिडाच्या बोटीतील हिरवी तार



पन्नास वर्षांपूर्वीच्या अमेरिकन शिडाच्या बोटीत तारांचे जंजाळ दिसते. त्यातील तीन तारांची कामे निराळी आहेत. बॅटरीची ऋण तार नित्याचा प्रवाह परत आणते. हिरवी बाँडिंगची तार इंजिन, टाक्या व तळाचे धातूचे भाग एकत्र बांधते. एरवी तिच्यातून प्रवाह वाहू नये. तिसरी तार धक्क्यावरील विजेच्या अर्थिंगची. बिघाड झाला, की प्रवाहाला परतीची वाट देऊन ब्रेकर पाडणे हे तिचे काम.

समुद्राच्या पाण्यात दोन भिन्न धातू जोडले, की त्यांतला दुबळा झिजतो. १७६१ साली ब्रिटिश आरमाराने 'अलार्म' जहाजाला तांब्याचे पत्रे ठोकले. लोखंडी खिळे कुजले. १८२४ साली हंफ्री डेव्हीने तांबे वाचवण्यासाठी जस्त वा लोखंड जोडून झीज त्यावर घेण्याचा उपाय सांगितला. आज बोटीखालचा जस्ताचा तुकडा हेच करतो.

परंतु धक्क्याच्या अर्थिंगमुळे शेजारच्या बोटींचे धातूही जोडले जातात आणि जस्त भराभर संपते. म्हणून काही मालक ती तारच तोडतात. मग बिघाड होताच प्रवाह पाण्यात शिरतो. तो ब्रेकर पाडण्याइतका नसतो, पण गोड्या पाण्यात माणूस मारायला पुरतो. यावर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर हा उपाय आहे. तो झिजवणारा क्षीण प्रवाह अडवतो, बिघाडाचा प्रवाह जाऊ देतो.

जस्ताची बचत मालकाची आणि जीव मात्र तळ घासायला पाण्यात उतरणाऱ्या कामगाराचा, हा सौदा आपण कदापि मान्य करता कामा नये.