जपानी ठशातील गणिका

जपानी चित्रे म्हटली की लाकडी ठशांनी छापलेली, दुकानांतून विकली जाणारी रंगीत चित्रे आपल्याला आठवतात. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी एदो नगरात, म्हणजे आजच्या टोकियोत, विक्रीसाठी नसलेलीही चित्रे निघत असत. त्यांना ‘सुरिमोनो’ म्हणत. शब्दाचा अर्थ साधा आहे : छापलेली वस्तू. विनोदी कविता रचणारी कविमंडळे ती स्वखर्चाने छापवून घेत आणि नववर्षानिमित्त स्नेह्यांना भेट देत.

विक्रीच्या चित्रांवर १७९० पासून सरकारी तपासणीची मोहोर लागे. ह्या खाजगी चित्रांना तिची गरज नसे. खर्चालाही हात आखडावा लागत नसे. जाड, मऊ कागदाचा साधारण २० सेंटिमीटरांचा चौकोन, त्यावर सोनेरी-रुपेरी धातूंची पूड, आणि शाई न लावता नुसता ठसा दाबून उठविलेली नक्षी! ही नक्षी समोरून जेमतेम दिसते. कागद तिरपा धरला म्हणजे उमटते. होक्केई, गाकुतेई हे चित्रकार ह्या प्रकारात विशेष नावाजले.

ह्या चित्रांत गणिकाही आढळते. थरावर थर चढविलेली रेशमी वस्त्रे, पुढच्या बाजूस बांधलेला रुंद कमरपट्टा, केसांत कासवाच्या कवचाच्या सळया, आणि मागे लहानग्या दासी. एखादी राणीच वाटावी!

परंतु हे वैभव कोणाचे होते? एदोतील योशिवारा वस्तीला १६१७ साली परवानगी मिळाली. १६५७ च्या भीषण आगीनंतर ती नगराबाहेर असाकुसाच्या मागे हलविण्यात आली. तिच्याभोवती खंदक होता. गरीब आईबाप आगाऊ रक्कम घेऊन मुलींना मुदतीच्या कराराने तेथे देत. मग वस्त्रे, अंथरुणे, केसांतील सळया, दासींचे पालनपोषण, सारा खर्च त्या स्त्रीच्याच नावे चढे. म्हणजे चित्रात जे रेशीम झळकते, ते तिचे ऋण होते. जवळच्या जोकान्‌जी मंदिरात अशा हजारो स्त्रियांना मूठमाती मिळाली. १८७२ साली मुक्ततेचा हुकूम निघाला. पण हा धंदा कायद्याने पुरता थांबण्यास १९५८ साल उजाडावे लागले.

नावाचीही तीच गत. ओगिया नावाच्या घराण्यात ‘हानाओगी’ हे नाव एकीमागून एक अनेकींनी धारण केले. नाव घराण्याच्या मालकीचे; ती गेली की दुसरीला मिळे.

म्हणून असे चित्र पाहण्याचा योग आला, तर त्याच्या कारागिरीचा आनंद अवश्य घ्यावा. कागदावर कवींची नावे असतात, चित्रकाराची सही असते. तिच्या आईने ठेवलेले नाव मात्र कोठेही नसते. ते आता आपल्याला सापडायचे नाही. पण ते होते, एवढे स्मरून चित्र पाहावे.