माहूर पाहायचं तर खोऱ्यासकट



माहूरला येणारे बहुतेक भाविक रेणुकामातेचं दर्शन घेतात, तांबुलाचा प्रसाद घेतात आणि त्याच दिवशी माघारी फिरतात. आम्हा इस्लापूर भागातल्या लोकांचं तुमच्याकडे एकच मागणं आहे : पुढच्या खेपेला मुक्कामानं या आणि पैनगंगेच्या खोऱ्यासकट माहूर पाहा.

साडेतीन शक्तिपीठांपैकी माहूर हे एक पूर्ण पीठ. दत्तप्रभू रोज रात्री इथे विश्रांतीला येतात, अशी श्रद्धा आहे. दत्तशिखर, अनसूया शिखर, महानुभावांचं देवदेवेश्वर मंदिर, सोनापीरचा दर्गा हे सगळं या डोंगरांतच. जवळच खडकात कोरलेली पांडवलेणी आहेत. किल्ला तर आवर्जून चढा. अकबराच्या काळात माहूर हे वऱ्हाड सुभ्यातलं एक ‘सरकार’, म्हणजे जिल्ह्यासारखा विभाग होतं. १६६१ साली उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी मोगल सरदार कारतलबखानाला कोंडलं, तेव्हा त्याच्या फौजेत असलेली स्त्री-सरदार रायबागन याच माहूरची.

दुसरा दिवस नदीसाठी ठेवा. इस्लापूरजवळ सहस्रकुंडाला पैनगंगा काळ्या खडकांतून धारांनी खाली कोसळते. अलीकडे नांदेड जिल्हा, पलीकडे यवतमाळ. पावसाळ्यात धबधबा ऐन भरात असतो. पण वर इसापूर धरण आहे. त्याचे दरवाजे उघडले की पाणी झपाट्यानं चढतं. म्हणून खडकांवर उतरू नका, काठावरूनच पाहा. वेळ असेल तर उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरे आणि तिथला यादवकालीन शिलालेखही पाहा.

या मुलखाची माणसंही जाणून घ्या. १९५६च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत इस्लापूर आज तेलंगणात असलेल्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथ तालुक्यात होतं. त्यामुळे इथल्या बाजारात मराठीबरोबर तेलुगू, गोंडी, बंजारा बोली सहज कानांवर पडतात. सागाच्या रानात आंध, गोंड, कोलाम यांची गावं आहेत आणि दिवाळीत दंडारीच्या नाचाचे ढोल वाजतात. हा नाच पाहायला जाल तेव्हा गावकऱ्यांना विचारून बसा, न विचारता फोटो काढू नका.

मुक्काम केलात, गावच्या खानावळीत जेवलात, स्थानिक माणसाला वाटाड्या म्हणून सोबत घेतलंत, तर तुमच्या यात्रेचे चार पैसे या खोऱ्यात राहतील. देवीच्या दारी येणाऱ्या प्रत्येकानं एवढं केलं, तर इथल्या पोरांना पोटासाठी गाव सोडायची वेळ कमी येईल. या, आम्ही वाट पाहतो.