रविवारी आमची मुलं कुठं जातात?



दुपारची भांडी आवरून कुणी निवडण-टिपण घेऊन बसली असेल, कुणी बांधावर मोबाइल लावून ऐकत असेल. आज आम्ही तिघी बोलणार आहोत. तिघीही बचत गटातल्या. एक गटाची सचिव, एक अंगणवाडी मदतनीस, एक दुसऱ्याच्या रानात रोजानं जाणारी. गावं वेगळी, पण एक गोष्ट सारखी. आमची मुलं पुण्यात आहेत, कुणी शिकतंय, कुणी नोकरी करतंय, आणि महिन्यातल्या एका रविवारी ती एका गटाच्या बैठकीला जातात. तो गट एलजीबीटी तरुण मुलामुलींचा आहे.

आमची नावं आम्ही सांगणार नाही. मुलांना विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आई, तू बोल. पण आमचं नाव आम्हीच सांगू, आम्हाला वाटेल तेव्हा." तेवढं आम्ही पाळतो.

गावात कुजबुज होतेच. पाणवठ्यावर, लग्नाच्या मांडवात बाया विचारतात, "तिथं नक्की चालतं तरी काय गं?" आधी आम्हीही असंच घाबरून विचारायचो. म्हणून आज डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो.

आधी त्या अक्षरांचा अर्थ. एल म्हणजे लेस्बियन, जिला बाईबद्दलच ओढ वाटते अशी बाई. जी म्हणजे गे, ज्याला पुरुषाबद्दल ओढ वाटते असा पुरुष. बी म्हणजे बायसेक्शुअल, ज्यांना दोघांबद्दलही वाटू शकते. टी म्हणजे ट्रान्सजेंडर. जन्मल्यावर सगळ्यांनी मुलगा म्हटलं, पण आतून जी स्वतःला मुलगी म्हणून ओळखते, किंवा याच्या उलट. आपल्याकडे जोगते, तृतीयपंथी सगळ्यांना माहीत आहेत. आपण त्यांच्या परडीत पीठ घालतो, पाया पडतो. पण तसंच काही आपल्या पोटच्या पोरात दिसलं की आपला हात आखडतो.

पहिल्यांदा गेलो तेव्हा पोटात गोळा आला होता. स्वारगेटला एसटीतून उतरलो, मुलं न्यायला आली होती. वाटलं होतं, अंधारी खोली असेल, दारू असेल, नको ते बघावं लागेल. जिना चढून वर गेलो तर दाराबाहेर चपलांचा ढीग, आत सतरंजी अंथरलेली, आणि चार पोरं भेळेसाठी कांदा चिरत बसलेली. कांदा इतका जाडाभरडा, की आमच्यातल्या एकीनं न राहवून सुरी हातात घेतली. तिथून पुढं आम्हाला परकं वाटलं नाही.

बैठक आपल्या बचत गटासारखीच. गोल करून बसायचं, आधी नियम वाचायचे. इथं बोललेलं बाहेर न्यायचं नाही. विचारल्याशिवाय कुणाचा फोटो काढायचा नाही. कुणाला खोदून प्रश्न विचारायचे नाहीत. दारू पिऊन यायचं नाही. १८ वर्षांच्या आतल्या मुलांना बैठकीत घेत नाहीत, त्यांच्याशी समुपदेशक वेगळं बोलतात. नियम ऐकून आम्ही एकमेकींकडं बघितलं. आपल्या गटातलं बोलणं दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीवर ऐकू येतं, तेव्हा हा पहिला नियम आपणही घ्यायला हरकत नाही.

मग प्रत्येकजण आपलं नाव सांगतो आणि आपल्याला कसं बोलवावं तेही सांगतो. हे आम्हाला आधी कळलं नाही. एक मूल उठलं, दाढीची खुणा असलेलं, शर्ट-पँट घातलेलं, आणि म्हणालं, "मी काल गावाला गेले होते." गेलो नाही, गेले. कुणी हसलं नाही, कुणी चुकलं असं म्हटलं नाही. शेजारची मुलगी म्हणाली, "मग कशी होती गं तुझी आई?" मराठीत आपण तोंड उघडलं की बाई का पुरुष ते क्रियापदातच येतं. आमच्यातल्या एकीचं लेकरू लहानपणी घरात असंच 'मी आले, मी जेवले' म्हणायचं, आणि दर वेळी तिनं त्याच्या पाठीत धपाटा घातला होता. लेकरानं हळूहळू घरात बोलणंच कमी केलं. बाईला वाटलं, मूल शांत स्वभावाचं आहे. त्या खोलीत बसल्यावर तिला कळलं की ते शांत नव्हतं, तोंडातून चुकून खरं निघेल म्हणून गप्प होतं. आता ती लेकीला 'गं' म्हणते. अजून अडखळते, पण म्हणते.

वर्षभर तिथं काय काय होतं, ते ऐका.

कधी सिनेमा लावतात आणि नंतर त्यावर बोलतात. कधी वकीलताई येऊन कायदा समजावतात. कधी डॉक्टर येतात, एचआयव्हीची तपासणी कुठं करायची, काळजी कशी घ्यायची, हे न लाजता सांगतात. नोकरीच्या मुलाखतीचा सराव घेतात. एकजण साहेब होतो, एकजण उमेदवार, बाकीचे चुका काढतात. पावसाळ्यात सिंहगड चढतात आणि वर पिठलं-भाकरी, दही खातात. नाटुकली बसवतात. संक्रांतीला तिळगूळ वाटतात.

आणि दिवाळीला फराळ असतो. हे सांगताना आमचा आवाज जरा खाली येतो. हा फराळ दिवाळीच्या ऐन दिवसात ठेवतात, कारण त्या दिवसात वसतिगृहं आणि खोल्या रिकाम्या होतात आणि काही मुलांना जायला घर नसतं. घर असतं, पण वडिलांनी सांगितलेलं असतं, "या दारात पाय ठेवू नकोस." ती मुलं विकतची चकली आणि चिवडा ताटात घेऊन एकमेकांना वाढतात. आम्ही पहिल्या वर्षी हे पाहिलं आणि परत येताना एसटीत तिघी एक शब्द बोललो नाही. दुसऱ्या वर्षापासून आम्ही डबे भरून नेतो. करंज्या आधी संपतात.

वर्षातून एकदा मोर्चाची तयारी असते. त्याला प्राइड म्हणतात, आपण अभिमान यात्रा म्हणू. आपल्या देशात पहिली अशी यात्रा १९९९ साली कोलकात्यात निघाली, तेव्हा जेमतेम १५ माणसं होती. मुंबईत २००८ पासून, पुण्यात २०११ पासून निघते. मुलं आठवडाभर फलक रंगवतात, सहा रंगांचे झेंडे शिवतात, पोलिसांची परवानगी काढतात. ज्यांच्या घरी माहीत नाही, त्यातली काही तोंडावर मुखवटा लावून चालतात. आम्ही एकदा कडेनं चाललो. शेजारी मुखवटा घातलेला एक पोरगा होता. त्यानं विचारलं, "तुम्ही कुणाच्या आई?" आम्ही सांगितलं. तो म्हणाला, "माझ्या आईला टीव्हीवर मी दिसू नये म्हणून हे." पुढं काही बोलला नाही, पण शेवटपर्यंत आमच्याच बाजूनं चालला.

आता आमच्या चुका सांगतो. त्या ऐकवायलाच खरं तर आलो आहोत.

आमच्यातल्या एकीनं मुलाला 'बरं करायला' एका डॉक्टरकडं नेलं. त्यानं गोळ्या दिल्या, विजेचे झटके द्यायलाही सांगितलं. त्याआधी देवऋषी झाला होता, अंगारे झाले होते. मुलगा दिवसभर गुंगीत असायचा, त्याचं बारावीचं वर्ष गेलं. तिनं गटातून २० हजारांचं कर्ज शेळ्यांसाठी म्हणून काढलं होतं, ते यात घातलं. नंतर कळलं की हा आजारच नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली आहे. आपल्याकडं राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २०२२ मध्ये सांगितलं की असं 'बदलण्याचा' उपचार करणं हे डॉक्टरसाठी गैरवर्तन आहे. कर्ज फिटलं. मुलाचं ते वर्ष परत आलं नाही.

दुसरीनं मुलाचं लग्न लावलं. तो आधी नको म्हणाला होता, दोनदा म्हणाला होता. आम्ही सगळ्याच म्हणतो ना, "लग्न झालं की होईल सरळ." मुलगी गरीब घरची पाहिली, हुंडा घेतला नाही, म्हणून स्वतःला मोठं समजलो. ती सून वर्षभर रडली. तिला वाटायचं, आपल्यातच काही कमी आहे. सासूही तेच म्हणायची. शेजारणी 'अजून पाळणा हलला नाही' म्हणून टोमणे मारायच्या. शेवटी मुलानंच तिला खरं सांगितलं आणि ती माहेरी गेली. त्या मुलीचं आयुष्य आम्ही दोन वर्षं नासवलं. आमची ही मैत्रीण तिच्या माहेरी जाऊन पाया पडली. मुलीनं पाणी दिलं, पण माफ केलं असं म्हणाली नाही. तिनं तसं म्हणावं, अशी अपेक्षा धरण्याचा आम्हाला हक्कही नाही.

मैत्रिणींनो, हे नीट ध्यानात घ्या. अशा लग्नात दोन जीव भरडले जातात, आणि त्यातला दुसरा जीव कुणाची तरी लेक असते. ती उद्या आपलीही असू शकते.

तिसरीच्या मुलीचं उलटं. तिचं मैत्रिणीवर प्रेम आहे हे कळल्यावर घरच्यांनी फोन काढून घेतला, कॉलेज बंद केलं, स्थळ पाहिलं. मुलगा असता तर निदान बाहेर राहून जगला असता, मुलीला तेही नाही. मुलगी विहिरीपर्यंत गेली होती. एका मावशीनं पाहिलं म्हणून आज ती आहे. ती आता पुण्यात एका दुकानात हिशेब लिहिते. आई तिच्याशी बोलते, वडील अजून बोलत नाहीत. परंतु गेल्या गौरीला त्यांनी विचारलं, "ती जेवली का?" आम्ही तेवढ्यावर सध्या आहोत.

कायदा काय म्हणतो, तेही थोडक्यात. इंग्रजांनी १८६० साली केलेल्या दंडसंहितेतलं ३७७ कलम होतं, त्याचा धाक दाखवून या मुलांना लुबाडलं जायचं. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की दोन सज्ञान माणसांचं राजीखुशीचं, खासगीतलं नातं हा गुन्हा नाही. त्याआधी २०१४ मध्ये याच न्यायालयानं ट्रान्सजेंडर माणसांची ओळख मान्य केली होती. अशा जोडप्यांना लग्नाचा हक्क मात्र मिळालेला नाही, २०२३ मध्ये न्यायालयानं तो विषय संसदेचा आहे असं म्हटलं. म्हणजे आमच्या मुलांनी कुणाचा हात धरला तरी कागदावर ती दोघं एकमेकांची कुणी नाहीत. त्यांना आधार म्हणून आपणच उरतो.

मग आपण बायांनी काय करायचं? आम्ही आमच्या गटांत सुरू केलेलं सांगतो.

एक, पोरानं किंवा पोरीनं काही सांगितलं तर आधी ऐकून घ्यायचं. सुचलं नाही तर एवढंच म्हणायचं, "बरं झालं सांगितलंस. जेवलास का?" बाकीचं उद्या.

दोन, लग्नाला नको म्हणणाऱ्या मुलाला किंवा मुलीला दुसऱ्यांदा विचारायचं नाही, कारण विचारायचं. गटातल्या कुणाच्या घरी जबरदस्ती चालली असेल तर दोघी-तिघींनी जाऊन बसायचं.

तीन, 'बायल्या', 'टॉमबॉय' म्हणून चिडवणं आपल्या ओट्यावर होऊ द्यायचं नाही. शाळा सुटण्याचं कारण पुष्कळदा तेच असतं.

चार, मूल गप्प झालं, जेवेना, मरणाचं बोलू लागलं तर वाट बघायची नाही. टेलि-मानस हा सरकारी नंबर आहे, १४४१६. दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. लिहून घ्या. पुन्हा सांगतो, एक-चार-चार-एक-सहा.

पाच, मदत शोधायची. मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून काम करते, 'यारियां' हा तिथला तरुणांचा गट आहे. पुण्यात समपथिक ट्रस्टनं या विषयावर मराठीतून पुष्कळ काम केलं आहे. पालकांचाही 'स्वीकार' नावाचा गट आहे. आपण एकट्या नाही, एवढं कळलं तरी रात्री झोप लागते.

आम्हाला कुणी म्हणतं, "पोरांना शहराचं वारं लागलं." मैत्रिणींनो, आमच्या मुलांनी शहरात जाऊन शोधलं ते काय? गोल करून बसणं, नावानं हाक, कुणीतरी ताट वाढून विचारणं. हे सगळं आपल्या अंगणात होतंच. आपण त्यांना तेवढं दिलं नाही म्हणून ती दुसरीकडं शोधायला गेली.

या दिवाळीला आमच्यातल्या दोघींची मुलं गावी येणार आहेत. तिसरीची येईल का, ते वडिलांवर आहे. डबा मात्र आम्ही तिघी पुण्याला नेणार आहोतच. ज्यांना वाटेल त्यांनी मूठभर बेसन, पाव किलो साखर आपल्या गटाच्या सचिवाकडं आणून द्या. कुणासाठी ते विचारू नका, आम्हीही देणारीचं नाव कुणाला सांगणार नाही.