रेवती आणि गच्चीवरचा युवराज



आजचा विषय कोरियन दूरचित्रमालिकेचा आहे हे कळताच आमच्या एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी विचारले, "अहो, सोलापुरातले विषय संपले काय?" संपले नाहीत. परंतु आमची नात रात्री दोन वाजता पडद्यापुढे डोळे पुसताना दिसली, तेव्हा या प्रकरणात लक्ष घालणे आम्हांला भाग पडले.

मालिका २०१२ सालची, ‘रूफटॉप प्रिन्स’, भाग २०. जोसन राजवटीतला एक युवराज पत्नीच्या मृत्यूचा छडा लावता लावता तीन सेवकांसह तीनशे वर्षे पुढे, आजच्या सोल शहरात, गच्चीवरच्या एका खोलीत येऊन पडतो. खोली एका कष्टाळू मुलीची. युवराज हुकूम सोडतो, ती त्यालाच कामाला जुंपते. राजवाड्यातली ही मंडळी रंगीबेरंगी ट्रॅकसूट घालून हिंडतात, आणि स्वारी ऑम्लेटभातावर लुब्ध होते! आम्हीही पोटभर हसलो.

कल्पना आपल्याला परकी नाही. पूर्व भागातील तेलुगू मंडळींना १९९१ चा ‘आदित्य ३६९’ आठवत असेल. त्यात यंत्रात बसून माणसे १५२६ सालच्या विजयनगरात, कृष्णदेवरायाच्या दरबारी पोहोचतात. आणि पुराणातली रेवती? ककुद्मी राजा मुलीसाठी वर विचारायला ब्रह्मदेवाकडे गेला, तिथे गाणे चालू होते म्हणून थांबला. तेवढ्यात पृथ्वीवर युगे उलटली. मनात धरलेले सारे वर केव्हाच मरून गेले होते. मग रेवती बलरामाला दिली. ती फार उंच, म्हणून त्याने नांगराच्या टोकाने तिला खाली ओढून बेताची केली. कीर्तनात इथे हमखास हशा पिकतो. पण रेवतीच्या मैत्रिणी, तिचे अंगण, तिची सारी माणसे एका गाण्यात गेली, त्याचे काय? कथा पुढे निघून जाते. कोरियन मालिका नेमकी तिथेच थबकते. लग्नाच्या दिवशीच नवरा तिच्या डोळ्यांदेखत विरून जातो. नात रडत होती ती इथे.

तिने विचारले, "आजोबा, तुम्हांला मागे जाता आलं तर?"

"जुन्या मिलचा भोंगा ऐकू," असे आम्ही थट्टेने म्हणालो. खरे कारण सांगितले नाही. आमचे वडील रातपाळी करून, केसांत कापसाचे तूस घेऊन घरी परतत. कॉलेजात जाऊ लागल्यावर आम्ही नवी पेठेत एकदा त्यांना पाहून रस्ता ओलांडला होता. त्यांनी पाहिले होते. घरी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही; आम्हीही नाही.

नात पाणी आणायला उठली, आणि आम्ही तो भाग पुन्हा पहिल्यापासून लावला.