परगावचा धनी आणि छपरावरची वीज



या व्यासपीठावरून संतवाङ्मय ऐकावयाची आपल्याला सवय. इतिहासाचीही गोडी आहे. आज आम्ही वायर, स्विच आणि जमिनीत पुरलेल्या एका सळईविषयी बोलणार आहोत. रसभंग होणार हे उघड आहे. परंतु आखाजीला घरी आलेले पुष्कळ परगावचे लोक समोर बसले आहेत, आणि हा विषय मुख्यतः त्यांचा आहे, तेव्हा एवढा अपराध पोटात घालावा.

नरडाण्याहून गाडीत बसले की थेट सुरत. आमच्यासारखे कित्येक त्या गाडीने गेले आणि तिकडेच राहिले. कोणी पुण्यास गेले, कोणी आखातापर्यंत पोहोचले. घर मात्र इथेच. घरात म्हातारी माणसे, नाहीतर दाराला कुलूप. अशा घरावर गेल्या दोन-तीन वर्षांत एक नवी वस्तू येऊ लागली आहे, ती म्हणजे सोलरच्या प्लेटा. 2024 च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने सूर्यघर योजना काढली. तीन किलोवॅटच्या संचाला 78,000 रुपयांचे अनुदान ठरविले. आपल्या धुळे जिल्ह्यात ऊन काय उतू चालले आहे! साक्री तालुक्यात शिवाजीनगरला 125 मेगावॅटचा सौर प्रकल्प 2013 सालीच उभा राहिला, तो काही उगाच नव्हे. तेव्हा परगावच्या मुलाने सुरतेहून पैसे पाठवावे, ठेकेदाराने चार दिवसांत प्लेटा बसवाव्या, आणि मुलाने फोनवर रोजचे युनिट पाहून समाधान मानावे, असा प्रघात पडला आहे. आम्हीही तेच केले, आणि त्यात दोनदा फसलो.

पहिली फसगत नुसती पैशाची, म्हणून ती आधी सांगतो. आमची आई, जिला आम्ही जिजी म्हणतो, त्या वर्षी आमच्याकडे सुरतेस होती. दिवाळी आटोपून निघताना शहाण्या माणसाप्रमाणे आम्ही मेन स्विच पाडला, कुलूप लावले आणि गाडी पकडली. फोनवर संचाचा संपर्क तुटल्याचे दिसू लागले, तेव्हा मनाशी म्हटले, घरचे इंटरनेट बंद, मग आकडे कुठून येणार? आखाजीला येऊन पाहतो तो पाच-साडेपाच महिन्यांत एक युनिटही तयार झालेला नाही! एका किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरले, तर तीन किलोवॅटचे बारा. पाच महिन्यांचे अठराशे होतात. तेवढे ऊन छपरावर पडले आणि वाया गेले. वर स्थिर आकाराचे बिल दरमहा येतच होते.

असे का झाले? प्लेटेतून येणारी वीज एकदिश असते. तिला घरच्या 230 व्होल्टच्या उलटसुलट वाहणाऱ्या विजेचे रूप देणारी जी पेटी भिंतीवर असते, तिला इन्व्हर्टर म्हणतात. आपल्याकडे बॅटरीच्या जुन्या पेटीलाही तेच नाव, आणि निम्मा घोटाळा या एका नावाने केला आहे. सोलरची साधी पेटी बाहेरच्या लाइनीचा ताल धरून चालते. लाइन गेली की ती क्षणात थांबते. आमच्या घरी तिची जोडणी मेन स्विचच्या आतल्या बाजूला होती. आम्ही मेन पाडला, तिला वाटले लाइनच गेली. ज्यांना घर बंद ठेवून जावयाचे असेल त्यांनी सोलरची लाइन आपल्या स्वतंत्र स्विचमधून, घराच्या मेनच्या अलीकडे, मीटरच्या बाजूस जोडून घ्यावी. मग घर बंद आणि छप्पर चालू, असे ठेवता येते.

जिजी पुढे सुरतेला कंटाळून परत आली. पहिल्याच भारनियमनात तिचा फोन आला, "इतलं ऊन शे, मंग घरमा अंधारं का बरं रे भाऊ?" प्रश्न रास्त होता. उत्तर डांबावर चढलेल्या वायरमनपाशी आहे. डी.पी.वरून लाइन बंद करून तो बिचारा तारेला हात घालतो. अशा वेळी कोणाच्या छपरावरून वीज उलटी त्या तारेत शिरली, तर त्याचा जीव जाईल. म्हणून ही पेटी मुद्दाम अशी केलेली असते की बाहेर लाइन नसली तर तिनेही गप्प बसावे. अंधारात बसणे ज्यांना नको, त्यांना बॅटरी जोडता येणारी निराळी पेटी मिळते, खर्च वाढतो. परंतु कोणा हुशार माणसाने "थोडी वायर फिरवून देतो" म्हटले, तर त्याला ओट्यावरूनच परत पाठवावे.

आता दुसरी फसगत. ती सांगताना आजही अंगावर काटा येतो.

संच उत्तम चालला होता. रोज बारा-तेरा युनिट. सुरतेत चहा घेताना फोन पाहावा आणि घरचे सर्व क्षेम आहे असे समजावे. तीन महिन्यांनी आम्ही आलो. सकाळी अनवाणी, ओल्या फरशीवर उभे राहून न्हाणीच्या नळाला हात लावला, तर कोपरापर्यंत झिणझिण्या! जिजी म्हणाली, पावसाळ्यापासून असे थोडे लागते, म्हणून ती नळ पदराने धरून सोडीत असे. फोनवर का नाही सांगितले, असे विचारले तर म्हणाली, एवढ्याशासाठी कामावरच्या माणसाला काय सांगावयाचे?

वायरमन बोलावला. पाण्याच्या मोटारीचे आतले वेष्टन जळून वीज तिच्या अंगावर उतरली होती, आणि तिथून लोखंडी नळावाटे न्हाणीत. ती जमिनीत जाऊन मुरावयास हवी होती. पण घराचे अर्थिंग वडिलांच्या काळचे. कोळसा-मीठ भरलेला तो खड्डा ओटा बांधताना सिमेंटखाली गेला होता. वर्षानुवर्षे त्यात तांब्याभर पाणी पडले नव्हते. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, सळईपासून सुटते, आणि कोरड्या मातीतून वीज जात नाही. सोलरच्या ठेकेदाराने आपल्या प्लेटांसाठी, पेटीसाठी आणि वीजरोधकासाठी नवे खड्डे केले होते. ते ठाकठीक होते. घराच्या जुन्या खड्ड्याकडे पाहण्याचे काम त्याचे नव्हते, आणि आम्ही ते कोणालाच सांगितले नव्हते. छपरावर पाऊण लाखाचे सरकारी अनुदान चकाकत होते, आणि खाली आई पदराने नळ सोडीत होती!

तुम्ही म्हणाल, स्विच पडला कसा नाही? मंडळी, आपल्या पेटीतले साधे एम.सी.बी. हे वायर जळू नये म्हणून असते, माणूस मरू नये म्हणून नव्हे. सहा अँपिअरचे एम.सी.बी. सहा अँपिअरच्या वर गेल्याशिवाय हलत नाही. माणसाला त्याच्या दोनशेव्या भागाने, म्हणजे तीस मिलिअँपिअरनेही धोका संभवतो. तेवढ्याशा गळतीला तोडणारा स्विच निराळा, आर.सी.सी.बी. नावाचा. तो आमच्या घरी नव्हता. त्याच दिवशी बसविला, मोटार दुरुस्तीला पाठविली, ओट्याबाहेर ओल्या जागी नवा खड्डा घेतला आणि त्यावर उघडे तोंड ठेवले. उन्हाळाभर जिजी त्यात आठवड्याला दोन घागरी पाणी ओतते.

छपराविषयी थोडे. घराचा मेन पाडला तरी प्लेटा दिवसा मरत नाहीत. सहा प्लेटा ओळीने जोडल्या की तीनशेच्या आसपास व्होल्ट होतात, आणि ऊन आहे तोवर ते वायरीत उभे असतात. घरची वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, म्हणून तिची ठिणगी विझते. एकदिश विजेची ठिणगी विझत नाही, जळत राहते. चालू संचाचे जोड हाताने ओढू नयेत. आधी घराकडचा सोलरचा स्विच, मग प्लेटांकडचा, असा क्रम. उंदराने किंवा वानराने वायर कुरतडलेली दिसली तर दुरूनच राम म्हणावा आणि जाणत्याला बोलवावे. धुणे सकाळी, ऊन चढण्याआधी. तापलेल्या काचेवर दुपारी गार पाणी टाकले तर ती तडकू शकते. आणि वैशाखात युनिट कमी दिसले तर ठेकेदाराशी भांडू नका. पंचवीस अंशांच्या वर प्रत्येक अंशाला प्लेटेची ताकद शेकडा तिसरा-चौथा हिस्सा घटते, आणि आपल्याकडे प्लेट साठ-पासष्ट अंशांपर्यंत सहज तापते.

कागदाचेही एक सांगतो. वीजजोडणी बहुतेकांच्या घरी गेलेल्या वडिलांच्याच नावावर असते. ते नाव आधी बदलून घ्या. नाहीतर सुट्टी संपते आणि अर्ज तिथेच राहतो.

जिजीला वाचता येत नाही. म्हणून आम्ही स्विचांना रंग दिले: मेन तांबडा, सोलर हिरवा, प्लेटांचा पिवळा. आर.सी.सी.बी.वर एक लहानसे परीक्षणाचे बटण असते. ते दाबले की घर अंधारले पाहिजे. महिन्याच्या पहिल्या तारखेला ती ते दाबते आणि सुरतेला फोन करते, "बटन दाबं, अंधार व्हयना, परत चालू करं." आमचा चहा आता त्या फोनानंतर होतो. गेल्या महिन्यात तिने कळविले की बटण दाबूनही दिवा गेला नाही. दुसऱ्या दिवशी वायरमनने तो स्विच बदलला.