लष्करमधले मराठी वाडे

ग्वाल्हेरच्या नया बाजारात दुकानांच्या पाट्यांवरून नजर जरा वर न्या. लष्कर भागातल्या जुन्या घरांचे दगडी सज्जे, जाळ्या, कोरीव तोड्या दिसतील.

1810च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेची छावणी किल्ल्याच्या पायथ्याशी पडली आणि तिचंच शहर झालं. म्हणून नाव लष्कर! सरदार, कारभारी इथे स्थिरावले. निंबाळकर की गोठ, चिटणीस की गोठ ही मोहल्ल्यांची नावं आजही त्यांची आठवण सांगतात.

वाड्याची कल्पना त्यांनी दख्खनेतून आणली: मध्ये चौक, भोवती ओसरी, दाराशी देवडी. चौकातून उजेड येतो, तापलेली हवा वर निघून जाते. पण दख्खनेतल्या लाकूडकामाच्या जोडीला इथे ग्वाल्हेरचा वालुकाश्म आला आणि स्थानिक पाथरवटांची छिन्नी त्यावर चालली. त्या जाळ्यांतून वारा येतो, उन्हाची तिरीप मात्र अडते.

हे वाडे जपायचे कसे? पहिलं पथ्य, जुन्या भिंतीला सिमेंट लावू नका. चुन्यातून ओल बाहेर पडते; सिमेंट ती कोंडून ठेवतं, मग क्षार साठून दगडाचे पापुद्रे सुटतात. दुसरं, गच्चीचे पन्हाळे पावसाळ्याआधी मोकळे करा. तिसरं, भिंतीत रुजलेलं पिंपळाचं रोप लहान असतानाच काढा.

वाटण्या झाल्या तरी चौक सगळ्यांचा असतो. तो एकत्र मिळून सांभाळला, तरच वाडा उभा राहील.