रानातल्या रस्त्याने घराकडे

नेरचा माणूस उत्तरेकडून घरी यायला निघाला की त्याला रान चुकत नाही. समजा, तो जबलपूरहून निघाला. नर्मदा मागे टाकून लखनादौन, सिवनी करीत तो खाली उतरतो, खवाशाला महाराष्ट्रात शिरतो आणि मनसर, नागपूर, वर्धा, देवळी, कळंब, यवतमाळ या वाटेने नेरला पोचतो. साडेचारशे किलोमीटरच्या आसपासचा हा प्रवास. त्यातला सर्वांत जपून करण्याचा टप्पा म्हणजे सिवनी ते मनसर.

येथे साग, ऐन, मोह, पळस यांचे रान रस्त्याच्या दोन्ही अंगांना उभे आहे. रुडयार्ड किपलिंगने १८९४ साली 'जंगल बुक' प्रसिद्ध केले, त्यातला मोगली याच सिवनीच्या डोंगरांत वाढला. पेंच नदीच्या काठचे हे जंगल आज दोन राज्यांतील व्याघ्रप्रकल्प म्हणून राखलेले आहे. आपला महामार्ग मात्र या जंगलपट्ट्याला कापीत जातो.

हा रस्ता चौपदरी करण्याचे ठरले, तेव्हा मोठा वाद झाला आणि तो न्यायालयापर्यंत गेला. रस्ता रुंद झाला, मोटारींचा वेग वाढला, तर जनावरांनी पलीकडे जावे कसे? यावर तोड निघाली ती अशी : महाराष्ट्राच्या बाजूला नऊ ठिकाणी रस्ताच खांबांवर उचलला. त्यातला सर्वांत लांब पूल ७५० मीटरचा आहे. वरून मोटारी जातात, खालून जनावरे. देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ साली पुलांखाली कॅमेरे लावून पाहिले, तेव्हा १८ जातींचे वन्यप्राणी तेथून ये-जा करताना दिसले. चितळ, रानडुक्कर तर होतेच, पण वाघही होता, बरं का!

परंतु सगळ्याच रस्त्यांखाली असे पूल नाहीत. आपल्याच जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ जून २०१९ मध्ये बाहेर पडला. त्याच्या गळ्यात रेडिओ-पट्टा होता, म्हणून त्याची वाट कळली. दिवसा नाल्यात, झुडपात दडायचे आणि रात्री चालायचे, असे करीत तो शेते, गावे, रस्ते ओलांडून डिसेंबरात बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तोवर त्याची तेराशे किलोमीटर चाल झाली होती! तो नवे घर शोधीत होता. आपण घराकडे निघतो, तसाच तोही.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या नेरला वाघ कुठला? नसेल, पण रोही आहे, रानडुक्कर आहे. पूर्ण वाढलेला रोही दोनशे किलोंच्या वर भरतो. दिवेलागणीला बाजार करून मोटारसायकलीने परतणाऱ्या माणसाला त्याची धडक बसली, तर जनावर जाईल आणि घरचा कर्ता माणूसही जाईल. म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवा. पहाटे व तिन्हीसांजेला वेग कमी ठेवा. अंधारात डोळे चमकले की दिवा मंद करा. झगझगीत उजेडाने जनावर दिपते आणि जागीच थिजते. एक हरीण पुढे गेले, म्हणजे रस्ता मोकळा झाला असे समजू नका. मागे कळप असतो. जंगलात गाडीखाली उतरू नका, माकडांना खाऊ टाकू नका. खाऊच्या आशेने ती रस्त्यावरच बसू लागतात. जखमी जनावर दिसले, तर जवळ न जाता वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवा.

शिक्षक बंधु-भगिनींना एक विनंती आहे. मुलांकडून आपल्या गावच्या रस्त्याचा नकाशा काढून घ्या, आणि कोणते जनावर कुठे आडवे गेले ते घरच्यांना विचारून त्यावर खुणा करायला लावा. दोन-चार महिन्यांत त्यांची नेहमीची जागा कोणती, ते उमगेल. तो नकाशा ग्रामपंचायतीत लावला, तर रात्री घरी येणाऱ्या कितीतरी जणांना तो उपयोगी पडेल. घरी पोचायला दहा मिनिटे उशीर झाला तर काही बिघडत नाही, पोचणे महत्त्वाचे.